थांबा, तिचं बाकी हाय

बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे मॉनिटरचं काम. सगळ्याच शाळांत हे चालतं. पण आमची मॉनिटर खडू हातात घेतला की सगळ्यांत आधी स्वतःचं नाव लिहायची. चांगलं मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून. मग वर्गाकडे वळून म्हणायची, "आता बोला, कोणाला बोलायचंय ते." एकदा बाईंनी वैतागून विचारलं, "अगं, तू तुझंच नाव कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "बाई, गप्प बसा, गप्प बसा म्हणून मीच ओरडत होते की. सगळ्यांत जास्त मीच बोलले." बाईंनी कपाळाला हात लावला आणि तिला शिक्षा म्हणून उभं केलं. उभी राहूनही ती बोलतच होती.

हजेरीत तिचं नाव हेमलता होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. पाचवीत कोणीतरी तिला मॉनिटर केलं आणि नंतर बदलायची कोणाची हिंमत झाली नाही. उंच, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या आणि आवाज असा की ठाकुर्लीत हाक मारली तर डोंबिवलीत कोणीतरी 'ओ' द्यावी. ठाकुर्लीच्या जुन्या गावातलं आगरी घर तिचं. त्यांची भाताची शेतं होती तिथे आता टॉवर उभे राहत होते. अभ्यासात ती यथातथाच. "मना काय नंबर काढायचाय?" असं म्हणून ती प्रगतिपुस्तक दप्तरात कोंबायची आणि आमच्या प्रगतिपुस्तकांत डोकं घालायची.

मी डोंबिवलीच्या त्या शाळेत सातवीत आले. वडिलांची रेल्वेत बदली झाली, कल्याणला कामावर आणि ठाकुर्लीला राहायला क्वार्टर. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, पणजोबांच्याही आधीपासूनचे. आता हे डोंबिवलीतल्या मुलींना समजावून सांगायचं म्हणजे नुसती डोकेफोड. "तू ख्रिश्चन? मग इंग्लिश बोलून दाखव ना." "तुम्ही गोव्याचे का?" "तुझी आई फ्रॉक घालते?" माझी आई साडी नेसायची, मंगळसूत्रात छोटासा क्रूस घालायची आणि ज्वारीची भाकरी थापायची. फ्रॉक म्हणे! नाताळात मी डबाभर करंज्या आणि शंकरपाळे नेले, तर सगळ्यांचे चेहरे पडले. केक कुठंय? मॉनिटरने एक करंजी तोंडात टाकली आणि निकाल दिला, "हिच्या देवाची दिवाळी डिसेंबरात असते. खा गपचूप."

कोणी माझ्याशी वाईट वागायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं, मी गाऱ्हाणं घालायला बसलेय. मुली चांगल्या घरच्या होत्या, गोड बोलायच्या. फक्त मला कुठे बसवायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी डबा पुढे केला की, "अगं, आज माझा उपास." सोमवारी उपास, गुरुवारी उपास, आणि मधल्या वारी, "अगं, पोट भरलंय गं." नवरात्रात मैदानावर भोंडला चालायचा. मी कठड्याला टेकून बघायची. कोणी 'येऊ नकोस' म्हणालं नव्हतं. 'ये' असंही कोणी म्हणालं नव्हतं. मला यायचं असेल का, हे विचारायचं कसं, ह्याचाच त्यांना पेच पडत असणार. त्या वयात असं एकटं उभं राहणं फार जड जातं. मला तर जायचंच.

पण सगळ्यांत पंचाईत व्हायची ती डबा खाताना. मधली सुट्टी झाली की सगळा वर्ग हात जोडून श्लोक म्हणायचा. मी गप्प उभी. श्लोक संपला की मुली गोल करून डब्यांवर तुटून पडायच्या, आणि तेव्हा कुठे माझी प्रार्थना सुरू व्हायची. घरी आईने लावलेली सवय. डोळे मिटून, मनातल्या मनात, दोन-चार वाक्यं. ते डोळे मिटणं मला इतकं ओशाळवाणं वाटायचं की काय सांगू. सगळ्या खातायत आणि आपण एकट्या मान खाली घालून बसलोय. उघडून बघावं तर चार जणी टक लावून बघतायत.

मॉनिटरने हे किती दिवस पाहिलं कोण जाणे. एक दिवस मी डोळे मिटले आणि कानावर तिचा आवाज आला, "थांबा गं. तिचं बाकी हाय." कोणाच्या तरी हातावर पट्टी बसल्याचाही आवाज आला. मी डोळे उघडले, तर सगळ्यांचे हात डब्यांपाशी थांबलेले आणि मॉनिटर पोलिसासारखी पट्टी घेऊन बसलेली. "झालं? आमेन बोलली? चला, खा आता." त्या दिवसापासून तो रिवाजच होऊन गेला. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू सवय झाली आणि नंतर तर मला ते आवडायलाच लागलं. कधी मी जरा लांबवलं की ती दटावायची, "आज लवकर आटप. कोलंबी हाय."

शाळेत मांसाहारी डबा आणायला बंदी होती. ती बंदी तिला मान्य नव्हती. तांदळाच्या दोन भाकऱ्यांच्या मध्ये कोलंबी किंवा सुकट लपवून आणायची. वास काही लपायचा नाही. मग बाकीच्या मुली नाक मुरडून जराशा सरकायच्या आणि आम्ही दोघी आपोआप शेजारी शेजारी व्हायचो. ती माझ्या डब्यातलं न विचारता घ्यायची. पहिल्यांदा भाजीचा घास घेतला आणि थांबली. "तुझी आई मीठ विसरली काय?" मी सांगितलं, आईच्या किडन्या बिघडल्यात, तिला मीठ बंद केलंय, म्हणून घरात आम्ही सगळेच बिनमिठाचं खातो.  दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पुडीत मीठ घेऊन आली. "आई खात नाय म्हणून तू पण नको खाऊस, हे घरात ठीक हाय. इथं कोण बघतंय?" मी म्हणाले, "देव बघतो." ती म्हणाली, "बघू दे. मीच घातलं सांग त्याला."

दर रविवारी आम्ही कल्याणच्या चर्चला जायचो. तिथे शब्बाथ शाळेत पाळकसाहेब आमच्याकडून उत्तरं पाठ करून घ्यायचे. कृपा म्हणजे काय? तर लायकी नसताना, किंमत न मोजता मिळालेली देवाची देणगी. हे मला घडाघडा यायचं. बक्षीस म्हणून एकदा पेन्सिलचा डबाही मिळाला होता. आता कृपेची व्याख्या बरोबर सांगितली म्हणून बक्षीस द्यायचं, ह्यात काहीतरी चुकतंय, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण डबा छान होता, मी गप्प बसले. कृपा मला कुठे दिसत मात्र नव्हती. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे. मी रोज मागत होते, आई बरी होऊ दे, बाकी काही नको. नववीची दिवाळीची सुट्टी संपली आणि आई गेली.

दफनाला शाळेतून वर्गाच्या बाई आल्या, जरा लांबच उभ्या राहिल्या. आणि मॉनिटर आली, आपल्या आईला घेऊन. तिची आई डोक्यावर पदर घेऊन बायकांत जाऊन उभी राहिली, जशी काही आमच्या चर्चच्या मंडळीतलीच. पेटी खाली उतरवली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि एकेक जण माती टाकायला लागले. मॉनिटर माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मी टाकू का? चालतं ना तुमच्यात?" मी मान हलवली. तिने मूठभर माती घेतली, त्यातला एक खडा हाताने वेचून बाजूला टाकला आणि मग माती सोडली. तो खडा तिने का काढला ते मला लगेच कळलं, आणि मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडले.

पहिल्या दिवशी मंडळीतल्या लोकांनी जेवण आणलं. मग सगळे आपापल्या घरी गेले. कोणी शहाडला, कोणी अंबरनाथला, किती दिवस येणार? पप्पांना चहापलीकडे काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर मॉनिटर, गणवेशात, सायकलच्या हँडलला डबा लटकावलेला. "आईनं दिलंय. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाय." डब्यात पिठलं आणि भात होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा, चौथ्या दिवशी पुन्हा. पप्पा मोठे मानी. कोणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. डबा घासून-पुसून त्यांनी त्यात बिस्किटांचा पुडा ठेवला. एरवी कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर सगळीकडेच असतं. मॉनिटरने झाकण उघडलं, पुडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, ह्या डब्यात परत काय घालायचं नसतं."

"का गं?"

"मयताच्या घरचा डबा हाय हा. ह्याची परतफेड नसते. आई मारंल मना."

पप्पा खुर्चीत बसून राहिले. ते पंधरा-वीस वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. कृपेवरची किती प्रवचनं त्यांनी ऐकली असतील! ती सायकलवरून निघून गेली तरी ते दारातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "मार्था, हे घेणं फार कठीण असतं गं." मला तेव्हा ते नीट कळलं नाही. आता कळतं. परत करता येत नाही असं काही कोणी दिलं, की माणूस अगदी उघडा पडतो.

तेराव्या दिवशी ती संध्याकाळी आली. डब्यात शेवयांची खीर. "आज गोड खायचं. आज सुटलं तुमचं." पप्पांनी तिला समजुतीने सांगितलं, "बाळा, आमच्यात तेरावं नसतं." ती गोंधळली. आपलं काहीतरी चुकलं हे तिच्या लक्षात आलं, पण काय चुकलं ते कळेना. डबा तसाच धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "मग काका, तुमच्यात कधी संपतं?" पप्पांनी तिच्या हातातला डबा घेतला. मग आत जाऊन तीन वाट्या घेऊन आले. आमच्यात नसलेलं ते तेरावं आम्ही तिघांनी मिळून खाल्लं. खीर जरा जास्तच गोड झाली होती. पप्पांनी दोनदा घेतली.

त्यानंतर मी शाळेत जायला लागले. मधली सुट्टी झाली, श्लोक झाला, मी खाली बसले, डबा उघडला आणि सरळ पहिला घास तोडला.

"अगं ए, तुझं बाकी हाय."

"मी नाही म्हणणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हणणार. तुम्ही जेवा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी हळूच डब्याकडे हात नेला. "थांब गं!" मॉनिटर खेकसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कनाला असं करतंस? मी ह्या सगळ्यांना थांबवून ठेवलंय ना!"  माझं देवाशी भांडण झालेलं होतं आणि ते मला कोणालाही सांगायचं नव्हतं. घरात पप्पा प्रार्थना करायचे तेव्हाही मी नुसते डोळे मिटायचे, आत काहीच म्हणायचे नाही. आत नुसता अंधार होता. आपण म्हणालो नाही तरी कुठे काही बिघडत नाही, आपलं ऐकणारं मुळात कोणी नाहीच, हे कळण्याइतका दुसरा एकटेपणा नसतो.

मॉनिटरने पट्टी खाली ठेवली. डोळे घट्ट मिटले आणि हात जोडले. माझी प्रार्थना तिने कधी ऐकलेली नव्हती, ऐकणार कशी, मी मनात म्हणायचे. म्हणून तिने स्वतःच्या मनानेच सुरुवात केली. तिला हळू बोलता येतच नव्हतं. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

"ए मार्थाच्या देवा. आज ती तुझ्याशी कट्टी हाय, म्हणून मी बोलते. डबा दिलास, थँक्यू. तिची आई तुझ्याकडं आलेली हाय. तिला टायमावर जेवायला घाल. इथं तिला मीठ बंद होतं. तिकडं चालत असंल तर घाल. आमेन."

कोणी हसलं नाही. ज्या मुलींना माझ्या डब्याला हात लावायचा म्हटलं की उपास आठवायचे, त्यांच्यातली एक मुसमुसायला लागली. मॉनिटर डोळे उघडून म्हणाली, "चला, खा आता." आणि माझ्या डब्यातली अर्धी पोळी तोडून घेतली.  माझ्या आत जो अंधार होता ना, त्यात कोणीतरी दार ढकललं एवढं नक्की. मी लगेच काही प्रार्थना करायला लागले नाही. पुढे बरेच दिवस तीच माझी म्हणायची. कधी त्यात पावसाळी सुट्टी मागायची, कधी गणिताच्या सरांना ताप येऊ दे म्हणायची. मग एक दिवस मी म्हणाले, "राहू दे, मी म्हणते." ती म्हणाली, "सुटले एकदाची."

दहावीनंतर आम्ही पांगलो. ती कशीबशी पास झाली, कॉलेजात वर्षभर गेली आणि सोडून दिलं. त्यांचं घर बिल्डरला गेलं, ते लोक दुसरीकडे भाड्याने राहायला गेले, मग तिचं लग्न झालं पनवेलच्या पुढे कुठेतरी. फोन नंबर बदलले. मी लॅब टेक्निशियन झाले. पप्पा निवृत्त झाले आणि गावाकडे जाऊन राहिले, तिथेच वारले. मी टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहते, सहाव्या मजल्यावर, एकटी. बिल्डिंगमधले लोक चांगले आहेत. मला कुठे बसवायचं ते त्यांनाही अजून कळलेलं नाही. पण आता माझी काही तक्रार नाही, वयानुसार माणूस कठड्याला टेकून बघायला शिकतो.

मागच्या वर्षी मी बाजारातून भाजी घेऊन येत होते. मंगळवार असल्यामुळे गणपतीच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी. पाठीमागून आवाज आला, "ए मार्थाऽऽ!" रस्त्यावरचे दहा जण वळले. दुसऱ्या कोणाचा असा आवाज असणं शक्यच नव्हतं. अंगाने भरलेली, कपाळावर मोठी टिकली, एका हाताला लहान मुलगी, मागे पिशव्या घेतलेला नवरा. तिने मला तिथेच भर रस्त्यात मिठी मारली. नवऱ्याला म्हणाली, "ही मार्था. माझ्या बाकावरची." जणू काही मी अजून तिथेच बसलेली होते.

रसवंतीत बसलो. मला किती वर्षं तिला सांगायचं होतं! मी भडाभडा बोलत सुटले. तो डबा, ती खीर, ती प्रार्थना. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

"कसला डबा?"

"अगं, रोज सकाळी यायचीस सायकलवर."

"आईनं दिला असंल. आई कोणालाही डबे द्यायची."

"आणि ते मीठ घाल म्हणालीस देवाला?"

"मी?" ती खो-खो हसायला लागली. "काय पण! मी नाय बोलणार असलं काय."

खोटं बोलत नव्हती ती. तिला खरंच आठवत नव्हतं. माझं सगळं आयुष्य ज्याच्यावर उभं आहे ते तिने करून टाकलं आणि विसरूनही गेली. देणाऱ्याला आठवतसुद्धा नाही, हे पाळकसाहेबांनी व्याख्येत घातलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. ह्या गोष्टीची साक्षीदार आता जगात मी एकटीच, असं वाटलं.

ती मात्र रसाचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "मना तुझी आई आठवते. काय शिट्टी वाजवायची गं!"

"माझी आई?"

"मग! एक रविवारी मी आलेले तुझ्याकडं, तू नि काका चर्चला गेलेले. ती पलंगावर पडलेली. मना बोलली, कंटाळा आलाय, बस जरा. मग बोलली, तुला शिट्टी येते का? आणि दोन बोटं तोंडात घालून अशी वाजवली, समोरच्या खिडकीतनं माणूस डोकावला. लहानपणी शेळ्यांच्या मागं शिकली बोलली. मना पण शिकवली. मार्थाला सांगू नको बोलली, तिला वाटंल आईला वेड लागलं. जाम हसलो आम्ही."

 आई जाऊन इतकी वर्षं झाली. माझ्याकडे होत्या तेवढ्याच आठवणी मी उलटूनपालटून वापरत होते, त्याही आता झिजत चालल्या होत्या. तिच्याबद्दलचं नवं काही कोणी सांगेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. सांगायला उरलंच कोण होतं? आजारी, थकलेली, बिनमिठाचं जेवणारी माझी आई, आम्ही चर्चमध्ये तिच्यासाठी डोळे मिटून बसलो होतो तेव्हा इकडे पलंगावर बसून शिट्ट्या मारत होती.

"तुला येते अजून?" मी विचारलं.

"न यायला काय झालं?" तिने पदराला बोटं पुसली, तोंडात घातली आणि वाजवली. सगळी रसवंती दचकली. नवरा म्हणाला, "अगं, लोक बघतायत." लेक टाळ्या पिटायला लागली. मला मात्र पुढचं काही दिसेना, डोळे भरून वाहायला लागले होते, आणि मी तिच्या दंडाला गच्च धरून म्हणत होते, "परत. परत एकदा वाजव."